सेकंदाला सव्वादोनशे श्वास

१९२९ साली आंद्रेआस श्टिल यांच्या कारखान्यातून पेट्रोलवर चालणारी त्यांची पहिली करवत बाहेर पडली. तिचं वजन ४६ किलो होतं आणि ताकद ६ अश्वशक्ती. ती चालवायला दोन माणसं लागत. तीस वर्षांनी, १९५९ मध्ये, त्याच कंपनीची ‘कॉन्ट्रा’ आली. ताकद तेवढीच, ६ अश्वशक्ती. वजन १२ किलो. आज त्या कंपनीची ‘एमएस ४६२’ ही चेनसॉ साखळी आणि पट्टी न धरता ६ किलोची आहे, आणि तिची ताकद पुन्हा ६ अश्वशक्तीच आहे. नव्वद वर्षांत लाकूड तेवढंच कठीण राहिलं आणि ते कापायला लागणारी ताकदही तेवढीच राहिली. कमी झालं ते माणसाच्या खांद्यावरचं ओझं.

हे कसं साधलं? धातू हलके झाले, बेअरिंगं सुधारली, मधली गिअरपेटी गेली. पण सगळ्यात मोठा बदल इंजिनाच्या पोटात झाला. छोट्या जागेत ते जास्त वेळा आणि जास्त खोल श्वास घेऊ लागलं. कारखान्याने जिथे हात थांबवला, तिथून पुढे काम करणारे कारागीर अमेरिकेच्या वायव्य भागातल्या जंगलांत, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या लाकूडतोड स्पर्धांत आणि आणखी कितीतरी ठिकाणी आहेत. नवीकोरी करवत घ्यायची, उघडायची, तिच्या आतल्या हवेच्या वाटा बारीक ग्राइंडरने बदलायच्या आणि पुन्हा जोडायची, असं त्यांचं काम. त्याला ‘पोर्टिंग’ म्हणतात. आपल्याकडे ज्यांनी तरुणपणी यामाहा आरएक्स १००वर जीव लावला, त्यांना हा शब्द नवा नाही. दोन्ही इंजिनांची जात एकच, टू-स्ट्रोक.

या प्रकरणात एकच गोष्ट मला पटवून द्यायची आहे. इंजिनात ताकद बाहेरून ओतता येत नाही. ती वेळेच्या हिशोबातून निघते, आणि त्या हिशोबात एका खात्यात जमा केलं की दुसऱ्या खात्यातून वजा होतं. चांगला कारागीर आधी हा हिशोब मांडतो आणि मगच हत्यार उचलतो.

दोन मिलिसेकंदांचा कारभार

रोजच्या मोटारसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं ही चार कामं क्रँकच्या दोन फेऱ्यांत होतात. प्रत्येक कामाला आपला वेगळा वेळ मिळतो. टू-स्ट्रोकमध्ये हे सगळं एका फेरीत उरकावं लागतं. १८९१च्या सुमारास इंग्लंडमधल्या बाथ गावी जोसेफ डे यांनी त्यासाठी एक युक्ती योजली. पिस्टनच्या वर जे चालतं ते चालू दे, पण पिस्टनच्या खालची क्रँककेसची जागा कशाला रिकामी ठेवायची? तिलाच पंप करा. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून ताजं मिश्रण तिथे ओढलं जातं. पिस्टन खाली आला की ते मिश्रण दाबलं जातं आणि बाजूच्या वाटांनी वर ढकललं जातं.

चेनसॉमध्ये वाटा उघडायला आणि बंद करायला वेगळे व्हॉल्व्ह लागत नाहीत. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या कोरलेल्या असतात. त्यांनाच पोर्ट म्हणायचं. खालीवर करणारा पिस्टन हाच त्या खिडक्यांचा पडदा. खिडकी किती उंचीवर आहे, त्यावर ती कधी उघडणार हे ठरतं. म्हणजे अख्ख्या इंजिनाचं वेळापत्रक त्या भिंतीत कोरून ठेवलेलं असतं.

एक नेमकं उदाहरण घेऊ. हस्कवार्ना कंपनीची ‘३७२ एक्सपी’ ही पोर्टिंग करणाऱ्यांची फार आवडती करवत. तिच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ३६ मिलिमीटर. मिळून ७०.७ सीसी. ताकद ३.९ किलोवॅट, म्हणजे साधारण सव्वापाच अश्वशक्ती. ओंडक्याला न लावता पूर्ण रेस दिली की हिचे फेरे मिनिटाला १३,५०० पर्यंत जातात. साठाने भागा: सेकंदाला २२५. पिस्टन प्रत्येक फेरीत ३६ मिलिमीटर वर आणि तेवढाच खाली जातो, म्हणजे सेकंदाला सोळा मीटरांहून जास्त अंतर कापतो, आणि तेही प्रत्येक टोकाला पूर्ण थांबून. सेकंदात ४५० वेळा थांबणं आणि ४५० वेळा पुन्हा सुटणं.

एका फेरीला मिळतात साडेचार मिलिसेकंदांपेक्षाही थोडे कमी. ३६० अंशांच्या त्या फेरीत धूर बाहेर जाण्याची खिडकी साधारण १६० अंश उघडी असते, म्हणजे दोन मिलिसेकंद. ताजं मिश्रण वर येण्याच्या खिडक्या, ज्यांना ट्रान्सफर पोर्ट म्हणतात, त्या साधारण १२० अंश उघड्या असतात, म्हणजे दीड मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायला सेकंदाचा दहावा हिस्सा तरी लागतो. तेवढ्या वेळात हे इंजिन बावीस श्वास घेऊन सोडतं. कारागीर ज्या वेळेशी खेळतो ती ही एवढी.

धूर आणि ताजी हवा एकाच खोलीत

टू-स्ट्रोकची जन्माची अडचण अशी की धूर जाण्याची आणि ताजं मिश्रण येण्याची दारं काही काळ एकदमच उघडी असतात. आलेलं मिश्रण जळण्याआधीच धुरामागोमाग बाहेर निसटतं. सुरुवातीच्या इंजिनांत पिस्टनच्या डोक्यावर एक उंचवटा ठेवत, म्हणजे मिश्रण त्याला आपटून वर वळेल. पण तो उंचवटा तापे, पिस्टन जड होई.

१९२०च्या दशकात जर्मन अभियंता आडोल्फ श्नुर्ले यांनी उंचवटाच काढून टाकला. त्यांनी ट्रान्सफर पोर्ट धुराच्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना ठेवले आणि त्यांची तोंडं समोरच्या भिंतीकडे वळवली. दोन्ही झोत त्या भिंतीपाशी एकमेकांना भेटतात, तिथून वर चढतात, डोक्याशी वळसा घेतात आणि उरलेला धूर पुढे ढकलत खाली येतात. खोली झाडताना शहाणा माणूस केर दारापासून आत ढकलत नाही, आतल्या कोपऱ्यातून दाराकडे आणतो, तसंच हे. डीकेडब्ल्यूच्या मोटारसायकलींनी ही रचना १९३०च्या दशकात जगासमोर आणली. आजची जवळपास प्रत्येक पेट्रोल चेनसॉ तिच्यावरच उभी आहे.

पुढचं पाऊल टाकलं पूर्व जर्मनीतल्या वाल्टर काडेन यांनी. एमझेड कंपनीच्या शर्यतीच्या मोटारसायकलींवर काम करताना त्यांनी धुराच्या नळीकडे वाद्यासारखं पाहिलं. धूर सुटतो तेव्हा नळीतून दाबाची एक लाट धावते. नळी आधी रुंद होत गेली आणि मग निमुळती झाली, तर ती लाट परत फिरते आणि बाहेर निसटलेलं मिश्रण दार बंद होण्याआधी पुन्हा आत ढकलते. १९६१ पर्यंत काडेन यांनी १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली. लिटरमागे २००. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे निघून गेला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसी गटाचं विश्वविजेतेपद जिंकलं. एका माणसाच्या डोक्यातून निघालेली विद्या अशी सरहद्द ओलांडून गेली आणि मग जगातल्या प्रत्येक टू-स्ट्रोक कारागिराची झाली.

चेनसॉवर काडेन यांची लांबलचक नळी बसत नाही. झाडाच्या फांद्यांत घुसणाऱ्या यंत्राला तेवढी जागाच नसते. त्यामुळे चेनसॉच्या कारागिराला लाटेची मदत फारशी मिळत नाही. त्याला आपला डाव खिडक्यांच्या उंची-रुंदीवरच खेळावा लागतो.

आधी मोजमाप

चांगल्या कारागिराच्या टेबलावर पहिल्या दिवशी ग्राइंडर दिसत नाही. दिसते ती अंशांच्या खुणा असलेली एक गोल चकती. क्रँकच्या टोकाला ती लावायची, पिस्टन सगळ्यात वर असतानाचा नेमका बिंदू शोधायचा आणि मग हाताने हळूहळू फिरवत प्रत्येक खिडकी कोणत्या अंशाला उघडते ते वहीत लिहायचं. धुराची खिडकी साधारण शंभराव्या अंशाला उघडते. ट्रान्सफर त्यानंतर वीसेक अंशांनी. मधल्या वीस अंशांना फार मोल आहे. तेवढ्या वेळात आतला दाब ओसरला नाही, तर ट्रान्सफर उघडताच ताजं मिश्रण वर येण्याऐवजी धूरच खाली क्रँककेसमध्ये घुसेल.

दुसरं माप साध्या सोल्डरच्या तारेने घेतात. स्पार्क प्लगच्या भोकातून तारेचं टोक सिलिंडरच्या भिंतीपर्यंत आत सारायचं आणि क्रँक एकदा हाताने वरून नेऊन फिरवायचा. पिस्टन आणि सिलिंडरचं डोकं यांच्यामध्ये तार चेपते. ती बाहेर काढून तिची जाडी मोजली की वर किती फट उरते ते कळतं. कारखान्यातून येताना ही फट बऱ्याचदा जरुरीपेक्षा मोठी असते. फट कमी केली की मिश्रण जास्त दाबलं जातं, कडेची हवा मध्यभागी जोरात फेकली जाते आणि ज्वाला झटकन पसरते. बहुतेक कारागीर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास थांबतात. त्याच्या खाली गेलं तर गरम होऊन ताणलेला पिस्टन पूर्ण वेगात डोक्याला टेकू शकतो.

फट कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे सिलिंडरच्या बुडाशी असलेला गॅस्केट काढून तिथे सीलंट लावणं. गॅस्केट अर्धा मिलिमीटर जाड धरू. हिशोबाची खरी गोडी इथे कळते. सिलिंडर अर्धा मिलिमीटर खाली आला, म्हणजे त्याच्या सगळ्याच खिडक्या खाली आल्या. ३६ मिलिमीटर धावेच्या या इंजिनात तेवढ्याने धुराची खिडकी दीड-पावणेदोन अंश उशिरा उघडते आणि तेवढीच लवकर मिटते. ट्रान्सफरचाही वेळ घटतो. उलट कार्बोरेटरकडची खिडकी पिस्टनच्या खालच्या कडेने उघडते, त्यामुळे ती लवकर उघडून उशिरा मिटते. एक पातळ पत्रा काढला आणि तीन वेळापत्रकं बदलली. ज्याने आधी मोजलं नाही, त्याला आपण काय केलं हे कधीच कळणार नाही.

भिंतीतली कोरणी

आता ग्राइंडर. सिलिंडरच्या नळीत सरळ हत्यार वळत नाही, म्हणून कारागीर दंतवैद्याकडे असतो तसा काटकोनात वळलेला छोटा हँडपीस वापरतात. धुराच्या खिडकीची वरची कड एक मिलिमीटर वर नेली, तर ती तीन-साडेतीन अंश लवकर उघडते. मिटतानाही तेवढाच फरक पडतो, म्हणजे एकूण वेळ सहा-सात अंशांनी वाढतो. याने वरच्या फेऱ्यांत श्वास मोकळा होतो. पण जळत्या वायूचा दाब पिस्टनला खाली ढकलत असतानाच दार उघडलं जातं, म्हणून खालच्या फेऱ्यांतला जोर जातो. शर्यतीत सतत पूर्ण वेगात पळणाऱ्या मोटारसायकलला हा सौदा परवडतो. करवतीचं तसं नाही. ओंडक्यात दाबली की तिचे फेरे उतरतात, आणि तिथेच तिला जोर हवा असतो. म्हणून जाणकार खिडकी उंच करण्याआधी रुंद करतात. रुंद केल्याने वेळ तोच राहतो आणि दार मोठं होतं.

पण रुंदीलाही मर्यादा आहे. पिस्टनच्या रिंगा बाहेरच्या बाजूला ताणलेल्या असतात. खिडकीवरून जाताना त्या किंचित बाहेर डोकावतात. साधारणपणे व्यासाच्या दोन-तृतीयांशाहून फार पुढे खिडकी नेली, तर रिंग कडेला अडकून मोडायची भीती असते. ५० मिलिमीटर व्यासाला म्हणजे ३३ मिलिमीटरच्या आसपास. खिडकी सरळ चौकोनी न ठेवता तिच्या कडांना कमानीसारखा गोलवा द्यावा लागतो, म्हणजे रिंग हळूच आत सरकते.

शेवटचं काम कड मारायचं. चेनसॉच्या ॲल्युमिनियम सिलिंडरला आतून निकॅसिलचा किंवा क्रोमचा पातळ, अतिशय कठीण थर दिलेला असतो. कोरल्यावर त्याची कड वस्तऱ्यासारखी धारदार राहते. बारीक दगडाने ती प्रत्येक खिडकीभोवती किंचित उतरवावी लागते. दिसायला क्षुल्लक काम, पण ते राहिलं तर रिंग पहिल्याच टाकीत खरवडली जाते. थर उडाला तर हा सिलिंडर ओतीव लोखंडाच्या सिलिंडरसारखा बोअर करून वापरता येत नाही. चमकवण्याबद्दल एक गैरसमज जाता जाता दूर करतो. आत येणाऱ्या वाटा आरशासारख्या गुळगुळीत केल्याने ताकद वाढत नाही. धुराची वाट गुळगुळीत केली तर तिथे काजळी कमी धरते, इतकाच फायदा.

सायलेन्सरचं तोंड

कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त फरक कुठे पडतो, असं विचारलं तर बहुतेक कारागीर सायलेन्सरकडे बोट दाखवतील. आवाज आणि धूर यांच्या नियमांत बसण्यासाठी कारखाना सायलेन्सरचं तोंड लहान ठेवतो. आतला श्वास मोकळा केला आणि नाक दाबून धरलं, तर काय उपयोग? म्हणून तोंड थोडं मोठं करतात किंवा आणखी एक काढतात. पण आतली ठिणगी अडवणारी जाळी काढायची नाही. उन्हाळ्यात वाळलेल्या पाचोळ्यात काम करताना एक ठिणगी सगळं रान पेटवू शकते.

श्वासाला नियम नसला तर काय होतं, ते पाहायचं असेल तर श्टिलच्याच ‘टिंबरस्पोर्ट्स’ स्पर्धेकडे पाहावं. ती १९८५ पासून चालू आहे. तिथल्या ‘स्टॉक सॉ’ प्रकारात सगळ्यांना एकसारखी, बाजारात मिळते तशीच करवत वापरावी लागते. ४० सेंटिमीटर जाडीच्या ओंडक्यातून दोन चकत्या काढायच्या, एक वरून खाली आणि एक खालून वर. तिथे फरक पडतो तो माणसाच्या हाताचा. ‘हॉट सॉ’ प्रकारात मात्र ज्याची त्याची घरी घडवलेली करवत असते, बऱ्याचदा बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या इंजिनावर बांधलेली. तिच्यावर काडेन यांच्या पद्धतीची फुगीर नळी उघडपणे बसवलेली दिसते. तिचं वजन पंचवीस किलोंच्या पुढे जातं. स्पर्धेतल्या काही सेकंदांसाठी ते चालतं, दिवसभर रानात काम करायला ती उपयोगाची नाही. इंजिनात आणि कामात काय जुळवायचं, हे त्या एकाच मैदानात समोरासमोर दिसतं.

कानाने लावायचा स्क्रू

हवेची वाट मोठी केली की पेट्रोलही वाढवावं लागतं. इथे कार्बोरेटर येतो. पेट्रोलची वाटी आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट असलेला जुना कार्बोरेटर आडवा केला की बंद पडे. चेनसॉत पातळ पडद्याचा कार्बोरेटर असतो, म्हणून ती उलटी धरली तरी चालते. त्याच्यावर तीन स्क्रू: एक आयडलिंगचा, एक कमी फेऱ्यांच्या पेट्रोलचा, एक पूर्ण रेसच्या पेट्रोलचा. शेवटच्याला ‘एच’ म्हणतात. तो आत फिरवला की पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण लीन. बाहेर फिरवला की जास्त, म्हणजे रिच.

आता एखादा जाणता माणूस हा स्क्रू कसा लावतो ते जवळून पाहू. आधी एअर फिल्टर साफ. साखळीला नवी धार. इंजिन चांगलं गरम. मग करवत हवेत धरून पूर्ण रेस. कानाला एक गुरगुर ऐकू येते, थोडा अडखळता, भरलेला आवाज. मिश्रण जरा रिच असल्याने प्रत्येक फेरीला पेट धरत नाही, कधी एक सोडून एक धरतो. मग तो साखळी ओंडक्याला लावतो. भार पडताच गुरगुर नाहीशी होते आणि आवाज एकसंध, खणखणीत होतो. लाकडातून काढली की पुन्हा गुरगुर. स्क्रू बरोबर लागल्याची खूण हीच. हवेतच खणखणीत वाजत असेल, तर ओंडक्यात मिश्रण लीन पडणार. ओंडक्यातही गुरगुरत असेल, तर पेट्रोल वाया जातंय. या दोन चुकांच्या मध्ये पाव फेरीसुद्धा नसते. म्हणून तो स्क्रू एका वेळी नखभर फिरवतो, पुन्हा कापतो, पुन्हा ऐकतो.

लीन मिश्रण फसवं असतं. फेरे वाढतात, पिकअप झकास येतो, करवत हलकी वाटते. चालवणारा खूश होतो. पण टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. ५० ला १ म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर ऑइल. पेट्रोल कमी केलं म्हणजे वंगणही कमी केलं आणि वरून उष्णता वाढवली. काही मिनिटांत पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटतो. असा पिस्टन हातात घेऊन पाहावा. धुराच्या बाजूला, जिथे तो सगळ्यात जास्त तापतो, तिथे उभे ओरखडे आणि सिलिंडरला पुसलं गेलेलं ॲल्युमिनियम दिसतं. ओरखडे चहूबाजूंनी असतील, तर बऱ्याचदा ऑइल घालायचंच राहिलेलं असतं. पिस्टन खोटं बोलत नाही.

एक सापळा मात्र इथे लपलेला आहे. अलीकडच्या अनेक करवतींच्या इग्निशन कॉइलमध्ये फेरे मर्यादेबाहेर गेले की ठिणगी सोडून देण्याची सोय असते. ती लागली की इंजिन अगदी रिच मिश्रणासारखंच मिसिंग मारतं. कान फसतो. माणसाला वाटतं पेट्रोल जास्त आहे, तो स्क्रू आणखी आत फिरवतो आणि पिस्टन घालवून बसतो. म्हणून अशा करवतीचा शेवटचा निकाल हवेत लावायचा नसतो, ओंडक्यातच लावायचा.

आपल्याकडच्या वाचकासाठी आणखी एक गोष्ट. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या साडेचौदा पटींहून जास्त हवा लागते, इथेनॉलला मात्र सुमारे नऊच पट. म्हणजे जुन्या पेट्रोलवर लावलेला स्क्रू तसाच ठेवला तर मिश्रण आपोआप लीन पडतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुनी रबरी नळी, कार्बोरेटरचा पडदा कडक किंवा मऊ करून टाकतं. कोकणात करवत महिनोन् महिने पडवीत पडून असते आणि नेमकी जूनच्या पहिल्या वादळात रस्त्यावर आडवं पडलेलं झाड कापायला लागते. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर रायगडात जिकडेतिकडे हेच काम होतं. अशा यंत्राची टाकी ठेवताना रिकामी करावी, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवून बंद करावं आणि पावसाच्या आधी ताजं पेट्रोल घालून ‘एच’ स्क्रू पुन्हा कानाने लावावा. सगळ्यात स्वस्त ट्यूनिंग हेच.

ताकद शेवटी दाताला लागते

इंजिनात काढलेली प्रत्येक अश्वशक्ती शेवटी साखळीच्या दातातून लाकडात जाते. आणि साखळीची गोष्ट इंजिनाइतकीच सुरस आहे. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातला लाकूडतोड्या जोसेफ कॉक्स एका ओंडक्यात भुंग्याची अळी लाकूड कुरतडताना पाहत बसला. त्या काळच्या साखळीचे दात करवतीच्या दातांसारखे लाकूड खरवडत असत. अळीचे ‘सी’ आकाराचे जबडे मात्र डावीकडून आणि उजवीकडून आळीपाळीने लाकूड तासत होते. कॉक्सने तसा दात घडवला आणि १९४७ मध्ये त्याची साखळी बाजारात आली. आजच्या बहुतेक साखळ्यांचा दात त्याच घराण्यातला आहे.

दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो. दात लाकडात किती खोल शिरेल हे तो ठरवतो. सर्वसाधारण ३/८ इंची साखळीवर तो दाताच्या धारेपेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली ठेवतात. ताकद वाढलेल्या करवतीत तो थोडा आणखी खाली घासला, तर ढलपी जाड निघते. साध्या करवतीत तेच केलं तर साखळी अडते आणि उसळते.

साखळी फिरवणाऱ्या चाकाच्या दातांचाही हिशोब आहे. ३/८ इंची साखळीवर सात दातांचं चाक एका फेरीत साखळी सुमारे १३० मिलिमीटर पुढे नेतं. मिनिटाला १०,००० फेऱ्यांना ती सेकंदाला जवळपास २२ मीटर पळते. आठ दातांचं चाक लावलं तर जवळपास २५ मीटर. पण साखळीला मिळणारी ओढ एक-अष्टमांशाने कमी होते. कमकुवत इंजिनावर आठ दात लावले तर करवत ओंडक्यात गुदमरते. पोर्टिंगने जोर वाढवला असेल, तेव्हाच तो सौदा फायद्याचा. आणि या सगळ्याच्या आधी कानस. बोथट साखळीवर चाललेली पोर्ट केलेली करवत धारदार साखळीच्या साध्या करवतीपुढे टिकत नाही. लाकडातून पिठासारखा भुसा पडतोय की जाड ढलप्या, एवढं पाहिलं तरी निकाल कळतो.

जमाखर्च

सगळं मिळवल्यावर खर्चाची बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी. जास्त फेरे म्हणजे बेअरिंग आणि रिंगा लवकर झिजणार. जास्त दाब म्हणजे दोरी ओढताना हाताला जास्त झटका. सायलेन्सर मोकळा म्हणजे आवाज आणखी वाढणार. शंभर डेसिबलच्या पुढच्या या यंत्रावर कान झाकल्याशिवाय काम करणं म्हणजे बहिरेपण ओढवून घेणं. साखळी जास्त वेगाने पळते म्हणजे पट्टीचं नाक लाकडाला लागून करवत उसळली, तर विचार करायलाही वेळ मिळत नाही. साखळीचा ब्रेक, पायांवरचं संरक्षक कापड आणि दोन्ही हातांची पक्की पकड यांना पर्याय नाही. अमेरिकेत तर प्रमाणित इंजिनाची धुराची यंत्रणा बदलणं कायद्याने मना आहे.

कायद्यामागचं कारणही खरं आहे. जुन्या टू-स्ट्रोकमधून पाव हिश्शाहून जास्त पेट्रोल न जळताच हवेत जाऊ शकतं. नव्या करवतींनी त्यावर वेगळा तोडगा काढला आहे. मिश्रणाच्या आधी निव्वळ हवेचा झोत आत सोडायचा, म्हणजे निसटलीच तर हवा निसटेल. काही करवतींत फेरे मोजून पेट्रोल आपोआप कमीजास्त करणारी यंत्रणा आहे. श्टिलने २०१९ मध्ये बाजारात आणलेल्या ‘एमएस ५००आय’मध्ये कार्बोरेटरच नाही. तिथे सेन्सर आणि इंजेक्शन आहे. ७९.२ सीसीतून ५ किलोवॅट, आणि वजन ६.२ किलो. कारागीर अनेक वर्षं ग्राइंडर आणि कान वापरून जे शोधत आले, त्यातलं बरंच आता कारखान्यातूनच येतं.

मग या कारागिरांची विद्या जुनी झाली का? मला तसं वाटत नाही. सेन्सर स्क्रू लावेल, पण साखळीचा दात, चाक, लाकूड आणि ती धरणारा माणूस यांचा मेळ लावणार नाही. शिवाय जगभरात, आणि आपल्या रानातही, स्क्रूवाल्या करवतीच अजून जास्त आहेत. त्यांच्यातली एखादी हाती आली तर आधी गॅस्केट काढू नका आणि ग्राइंडरही उचलू नका. फिल्टर धुवा. ताजं पेट्रोल भरा, त्यात ऑइल मोजून घाला. दाताला कानस मारा. इंजिन गरम करा आणि ओंडका समोर घ्या. हवेत गुरगुरणारी ती करवत लाकडाला टेकताच खणखणू लागली आणि पायाशी जाड ढलप्या पडू लागल्या, तर सेकंदाला जे दीडशे-पावणेदोनशे श्वास ती त्या भाराखाली घेते आहे, त्यातला एकही वाया जात नाही.